रुपरावांनी बिडी काहून सोडली

रुपराव डाखोळ्यांना नाद दोनच. एक बिडीचा, दुसरा बेरजेचा. बिड्या दिवसाला चौदा, आणि बेरजांची मोजदाद नाही. नागपूरच्या इतवारीतल्या एका धर्मार्थ दवाखान्यात ते एकतीस वर्षांपासून रेकॉर्ड कीपर होते. तळमजल्यावर, एक्स-रेच्या मागं, उजेड कमी आणि कागद जास्त अशी त्यांची खोली. बरे झालेले, न झालेले, अर्ध्यातून पळून गेलेले, सगळ्या रोग्यांचे केसपेपर शेवटी तिथंच यायचे आणि लाल फडक्यात बांधून कपाटात जायचे. डॉक्टर बदलले, ट्रस्टी बदलले, कॉम्प्युटर आला, बंद पडला, दुसरा आला. रुपरावांची मोजायची तऱ्हा बदलली नाही. पेन्सिलीनं चार उभ्या रेघा, पाचवी त्यांच्या अंगावर तिरपी. पान भरलं की वरून खाली बेरीज, मग खालून वर. दोन्ही जुळल्या तर सही, नाही तर चष्मा पुसून पुन्हा पहिल्यापासून.

बाजूच्या टेबलावर दुर्गेश नावाचा कारकून बसे. चाळिशीचा, तोंडात कायम तंबाखूचा खर्रा, त्यामुळं बोलायच्या आधी मान वर करायची सवय. तो म्हणे, "एक डाव केली नं भाऊ बेरीज, पुरे झालं. कोण पाहाले येते?"

"कोणी नाही येत गा," रुपराव म्हणत. "म्हणून तं दोनदा करतो."

एकतीस वर्षांत त्यांची एकही बेरीज चुकीची निघाली नव्हती. याचं कौतुक कुणाला होतं असं नाही. मनकर्णाबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, तर मुळीच नव्हतं. पारशिवनीकडून लग्न होऊन वाठोड्याच्या दोन खोल्यांत आल्यापासून त्या नवऱ्याला एकच विनवत होत्या, बिडी सोडा. लेक झाली तेव्हा विनवलं, लेकीचं लग्न ठरलं तेव्हा विनवलं, मोठे दीर खोकून खोकून गेले तेव्हा तेराव्याच्या पंगतीत विनवलं. रुपराव दर वेळी 'हाव' म्हणाले आणि परसात गेले.

धूम्रपानबंदीचा कायदा दवाखान्याला नवा नव्हता. पाटी कधीचीच लागलेली होती. लोक पाटीखालीच उभं राहून ओढत, कारण आवारात सावली तेवढीच. पण डॉ. अरुंधती नावाच्या नव्या अधीक्षक आल्या आणि त्यांनी पाटी वाचली. बाई कामाच्या पक्क्या, बोलणं स्वच्छ, खोटं खपत नसे. वडील घशाच्या कॅन्सरनं गेलेले. त्यांनी दोन ऑक्टोबरचा मुहूर्त धरून चौकीदाराला शिट्टी दिली, पावतीपुस्तक छापून घेतलं आणि सांगितलं की गेटच्या आत धूर दिसला तर दंड. पावती नंबर एक रुपरावांच्या नावानं फाटली. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, जनरेटरच्या मागं.

रुपरावांनी पावतीवरची तारीख तपासली, नंबर तपासला, घडी करून खिशात ठेवली. "बराबर आहे," म्हणाले. चूक त्यांची होती आणि पावती खरी होती. तक्रार कसली करायची?

त्याच आठवड्यात गेटसमोरचा रस्ता सिमेंटचा करायला घेतला. नागपुरात रस्ता सिमेंटचा करायला घेतात म्हणजे आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत कमरेएवढा खोदतात आणि मग विचार करतात. पलीकडं चहाचं दुकान आणि पानठेला, अलीकडं दवाखाना, मध्ये खंदक, खंदकावर एक फळी. बिडी ओढायची तर फळीवरून जायचं, ओढायची, फळीवरून यायचं. दवाखान्यात ओढणारे एकूण नऊ जण. आठांनी दोन दिवस फळी पाहिली आणि तिसऱ्या दिवशी खर्ऱ्यावर गेले. खर्ऱ्याला धूर नसतो. तंबाखू, सुपारी, चुना पन्नीत घोटून दुर्गेश सगळ्यांना टेबलावरच पुरवू लागला. जिन्याचे कोपरे लाल झाले, पण शिट्टी वाजली नाही. शिट्टी धुराची होती.

नववे रुपराव. त्यांना खर्रा मानवत नव्हता, पिचकारी मारणं तर आवडतच नव्हतं. ते दिवसातून आठ वेळा फळीवरून जात आणि आठ वेळा येत. पलीकडं उभं राहून बिडी ओढायला चार मिनिटं लागतात. या चार मिनिटांत माणूस समोर बघतो. समोर त्यांना दिसे ते असं: काटोलकडून, पारडीकडून, कुठून कुठून ऑटो यायचा, आत कोणी विव्हळत असे, ऑटोवाला बॅरिकेडपाशी थांबून खंदकात डोकावे आणि "मेयोत घेऊन जातो" म्हणून तिकडच्या सरकारी दवाखान्याकडं वळवून घेई. रुपराव बिडीचा शेवटचा झुरका घेऊन परत येत. मनात रेघा पडत राहत, चार उभ्या, एक तिरपी.

डॉक्टरीणबाई मात्र मागच्या गल्लीतल्या गेटानं गाडीतून यायच्या. समोर रस्ता खोदला आहे हे त्यांना ठाऊक होतं. खोदला आहे म्हणजे काय, ते ठाऊक नव्हतं.

एप्रिल उजाडला. कूलरमध्ये पाणी भरायचे दिवस आले आणि त्याच सुमारास बाईंनी रुपरावांकडून आकडे मागवले. ऑक्टोबर ते मार्च, हार्ट अटॅकचे भरती झालेले रोगी, बंदीच्या आधीच्या वर्षी किती आणि बंदीच्या वर्षी किती. रुपरावांनी वरून खाली, खालून वर करून दिलं. आधी एकशे बारा, आता सदुसष्ट.

दोन दिवसांनी त्यांना केबिनमध्ये बोलावणं आलं. टेबलावर सुबक छापलेला अहवाल होता. राज्य पातळीवर कसलासा पुरस्कार होता, त्यासाठी तो मे महिन्याच्या शेवटी पाठवायचा होता. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की धूम्रपानबंदीमुळं रुग्णालयात हृदयविकाराच्या झटक्यांत चाळीस टक्के घट. खाली नोंदी पडताळणाऱ्याच्या सहीसाठी जागा.

"बसा डाखोळे," बाई खुशीत होत्या. "तुमच्याच आकड्यांचं काम आहे. इथं सही."

रुपरावांनी वाचलं. पुन्हा वाचलं.

"मॅडम, आकडा खरा आहे."

"मग?"

"कारण खोटं आहे."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे?"

"म्हणजे बंदीनं नाही झालं हे. समोरचा रस्ता..."

"डाखोळे, एक विचारू? राग मानू नका." बाईंचा आवाज मऊ होता. "तुम्ही बिडी ओढता ना?"

"हाव."

"किती?"

"चौदा."

"उद्या तंबाखूच्या कंपनीवाल्यानं अभ्यास करून सांगितलं की बंदीनं काही फरक पडत नाही, तर तुम्ही मानाल?"

रुपरावांनी चष्मा पुसला. मानलं नसतं. धुलाईला गेलेल्या चादरींची मोजणी ते धोब्याच्या तोंडून कधी घेत नसत, स्वतः मोजत. ज्याचा मतलब आहे त्याची मोजणी धरायची नाही, हे तर त्यांनीच दवाखान्याला शिकवलेलं. बाईंनी त्यांचाच नियम त्यांच्यासमोर ठेवला होता आणि त्यात खोट काढायला जागा नव्हती.

"तुमचं बराबर आहे, मॅडम," ते म्हणाले आणि उठले. "सही थोडी थांबवा. मी येतो."

"कधी?"

"बिडी सोडून येतो."

बाईंना वाटलं, गमतीनं म्हणाले.

संध्याकाळी घरी येऊन रुपरावांनी खिशातला बिडीचा कट्टा आणि माचिस मनकर्णाबाईंच्या हातात दिली. त्या वांगी चिरत होत्या. विळीवरून उठल्या.

"काय झालं जी? डॉक्टरनं काही सांगतलं का? छातीत दुखते का?"

"काही नाही वं. सोडली."

"काहून?"

रुपरावांनी सगळं सांगितलं. एकशे बारा, सदुसष्ट, चाळीस टक्के, फळी, धोब्याच्या चादरी. मनकर्णाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग हातातला कट्टा इतका वेळ उलटसुलट करून पाहिला की रुपरावांना बिडीची पहिली तलफ तिथंच आली.

"माह्यासाठी नाही सोडली," त्या म्हणाल्या. "लेकीसाठी नाही सोडली. सख्खा भाऊ गेला, त्याच्यासाठी नाही सोडली. अन् एका टक्क्यासाठी सोडली?"

"चाळीस टक्के आहेत वं."

"आग लागो त्या टक्क्याले," असं म्हणून त्या पुन्हा विळीवर बसल्या. पण कट्टा त्यांनी चुलीत घातला नाही, डब्यामागं लपवूनही ठेवला नाही. सरळ उठून नालीत टाकून आल्या, आणि जाताना चप्पल घालायलाही थांबल्या नाहीत.

पुढचे दिवस वाईट गेले. पहिली अडचण पोटाची. सकाळी बिडीचे दोन झुरके घेतल्याशिवाय रुपरावांचं पोट गेल्या पस्तीस वर्षांत साफ झालं नव्हतं. तीन दिवस ते संडासात जाऊन नुसतेच बसून आले. चौथ्या दिवशी मनकर्णाबाईंनी गरम पाण्यात ओवा उकळून दिला आणि बाहेर उभं राहून विचारलं, "काही झालं का?" आतून उत्तर आलं, "मोजाजोगं नाही." दुसरी अडचण हाताची. उजवा हात दर पाऊण तासानं आपोआप खिशाकडं जाई. मनकर्णाबाईंनी खिशात भाजलेली जवस आणि बडीशेप भरून दिली. दवाखान्यात केसपेपरांवर जवस सांडू लागली. तिसरी अडचण तोंडाची. एकतीस वर्षांत ज्या माणसानं शिपायाला 'अरे' म्हटलं नव्हतं, त्यानं दुर्गेशला एका आठवड्यात दोनदा झापलं.

"भाऊ, तुमी ओढत जा बा," दुर्गेश हात जोडून म्हणाला. "मी पावतीचे पैसे देतो, पण ओढत जा."

"चाळीस दिवस थांब."

"चाळीस दिवस कायले?"

"तेवढे टक्के आहेत नं."

दुर्गेशनं मान वर करून हसून घेतलं, मग खर्रा गिळता गिळता वाचला. ही गोष्ट त्यानं चहाच्या दुकानात सांगितली, दुकानातून ती पानठेल्यावर गेली, आणि पानठेलेवाल्यानं रुपराव दिसताच विचारलं, "काय गा रुपरावभाऊ, आमच्यावर नाराज आहे का?" कारण फळीवरून यायचं मात्र रुपरावांनी सोडलं नव्हतं. दिवसातून आठ वेळा जायचे, बिडी न ओढता चार मिनिटं उभे राहायचे आणि ऑटो मोजायचे. आता मनात नाही. कागदावर.

मधल्या वेळात त्यांनी जुन्या नोंदी काढल्या. एकट्या हार्ट अटॅकच्या नाही. त्याच सहा महिन्यांत हाडं मोडून आलेले आधीच्या वर्षी एकशे साठ होते, या वर्षी अठ्ठ्याण्णव. कुत्रं चावलेले दोनशे पाच होते, आता एकशे एकवीस. बाळंतपणं तीनशे चाळीस होती, आता दोनशे सात. सगळंच चाळीसच्या आसपास उतरलेलं. त्यांनी ते एका पानावर आपल्या कोरीव अक्षरात लिहिलं आणि चाळीसाव्या दिवशी, मे महिन्याच्या भर उन्हात, इस्त्रीचा शर्ट घालून केबिनमध्ये गेले.

"मॅडम, चाळीस दिवस झाले. एकही नाही. घरी इचारून घ्या."

बाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. चेहरा उतरला होता, पण डोळ्यांतली लाली गेली होती. बोटांचा पिवळा डागही फिका पडलेला. बाईंच्या चेहऱ्यावर इतका आनंद पसरला की रुपरावांना संकोच वाटला.

"डाखोळे, तुम्ही खरंच सोडलीत? अहो, हे तर अहवालात घालायला हवं. कर्मचाऱ्यांतले धूम्रपान करणारे नऊवरून शून्य."

"आठ जण खर्रा खातात, मॅडम. जिन्यात पाहा."

"पण तुम्ही तर सोडलीत. आमच्या मोहिमेमुळं."

"तुमच्या मोहिमेचा आकडा खोटा आहे हे सांगासाठी सोडली."

रुपरावांनी पान पुढं केलं.

"आता मी बिडीवाला नाही. आता वाचा. बंदीनं हार्ट अटॅक चाळीस टक्के कमी झाले म्हणता, तं हाडंही कमी मोडली. बाळंतपणंही कमी झाली. कुत्रे चावलेलेही तेवढेच कमी. धूर बंद झाला म्हणून कुत्र्यांनी चावाचं सोडलं का?"

बाईंनी पान घेतलं. त्या हुशार होत्या, दोन ओळींतच त्यांच्या कपाळावर आठी आली. तरी लगेच हार मानणाऱ्या नव्हत्या. "डाखोळे, परदेशांतही असे अभ्यास झालेत. बंदी आली आणि झटके कमी झाले, असं छापून आलंय."

"कुठी? मोठ्या शहरात?"

"काही लहान गावांत खूप मोठी घट दिसली. मोठ्या लोकसंख्येवर पाहिलं तेव्हा तेवढी नाही दिसली, त्यावरून वाद आहेत. पण घट नाहीच असं कुणी शहाणा म्हणत नाही."

"मीही नाही म्हणत. बिडी वाईट आहे, मॅडम. माह्या भावाले मी खांद्यावर नेलं. मले कोणी आकडा दाखवाची गरज नाही. पण लहान ठिकाणी टक्का लवकर फुगते. अन् आपलं ठिकाण बहुत लहान आहे." मग जरा घुटमळून म्हणाले, "माह्यासोबत चाला एक डाव. समोरच्या गेटानं."

अशा रीतीनं डॉ. अरुंधती दहा महिन्यांत पहिल्यांदा आपल्या दवाखान्याच्या पुढच्या गेटातून बाहेर पडल्या. फळीवर त्यांनी सँडल हातात घेतल्या. पलीकडं चहावाल्यानं बाक फडक्यानं पुसून दिला, स्वतः दुकानाच्या सगळ्यात लांबच्या टोकाला गेला आणि तिथून बघत राहिला. पानठेल्यावरच्या दोघांनी बाईंना पाहून पेटलेल्या बिड्या पायाखाली घेतल्या, वास्तविक तिथं शिट्टीचा अंमल नव्हता. दोघं बाकावर बसले, चहा आला. ऊन डोक्यावर आणि खंदकात सळया.

अर्ध्या तासात सात ऑटो आले. एकात कुबडी बाहेर आलेली, एकात बाळंतपणाच्या कळा सोसणारी बाई, एकात एक म्हातारा दोन पोरांच्या मधोमध छातीला हात लावून बसलेला. ऑटोवाले खाली उतरून खंदकात डोकावत, आणि पाच वळून गेले. म्हातारा असलेला ऑटोही वळला.

बाई उठून उभ्या राहिल्या. "अहो, थांबवा त्याला."

"मेयो जवळच आहे, मॅडम. पोचते तो," रुपराव म्हणाले. "तो वाचला तं त्यांच्याकडे भरती दिसंल. आपल्याकडे एक अटॅक कमी दिसंल. असे पंचेचाळीस."

बाईंनी चहा अर्धा ठेवला. परत जाताना फळीवर त्या मध्ये थांबल्या आणि खाली बघत म्हणाल्या, "मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगतलं होतं. तुमी बिडीचं इचारलं."

त्या दिवशी अहवाल फायलीत गेला आणि तिथंच राहिला. पुरस्काराची तारीख टळली. अडचण एवढीच झाली की ट्रस्टचे अध्यक्ष कृष्णकांतजी, इतवारीतले धान्याचे मोठे व्यापारी, यांनी एकतीस मे साठी बॅनर आधीच छापून घेतला होता. तंबाखूविरोधी दिनाचा कार्यक्रम, वर त्यांचा फोटो, खाली चाळीस टक्के. बाईंनी जाऊन समजावलं. कृष्णकांतजींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे बाळंतपणंही चाळीस टक्के कमी झाली?"

"हो, पण तो रस्त्यामुळं..."

"मग कुटुंबनियोजनाचंही करून टाकू ना, डॉक्टर. दोन पुरस्कार होतील. रस्त्याचं कोण विचारतं?"

बाईंनी कार्यक्रमच रद्द केला. बॅनर चांगल्या जाड कापडाचा होता, म्हणून छापील बाजू आत करून सायकल स्टँडवर सावलीला बांधला. चौकीदार त्याखाली बसून शिट्टी वाजवू लागला.

आता रुपरावांचा प्रश्न. सही झाली नव्हती, खोटं गेलं नव्हतं, काम झालं होतं. एकतीस मेच्या दुपारी ते फळी ओलांडून पानठेल्यापाशी गेले. ठेलेवाल्यानं न विचारता कट्टा पुढं केला. रुपरावांनी एक बिडी काढली, दोन बोटांत फिरवली, कानापाशी नेऊन पान कोरडं आहे का ते ऐकलं. माचिस मागितली. आणि मग त्यांना आठवलं, कार्यक्रम रद्द करताना बाईंनी काय सांगितलं होतं: रस्ता होऊ द्या डाखोळे, मग येत्या ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत पुन्हा मोजू, तुम्हीच मोजा.

तुम्हीच मोजा. म्हणजे पुढच्या एप्रिलमध्ये जो आकडा येईल तो मांडताना पुन्हा कोणीतरी विचारणार, डाखोळे, बिडी ओढता ना?

त्यांनी बिडी परत कट्ट्यात खोचली.

"काय झालं गा? ओली आहे का?" ठेलेवाल्यानं विचारलं.

"कोरडी आहे. मार्चपर्यंत काम आहे."

घरी हे कळल्यावर मनकर्णाबाईंचा चेहरा फुलला. "मॅडमले सांगजा," त्या म्हणाल्या, "दरसाल मोजत जा म्हणा. एका सालानं का समजते?" त्यांनी त्या दिवशी वांग्याच्या भाजीत तिखट कमी टाकलं, कारण रुपरावांची जीभ जागी झाली होती आणि तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना तिखट लागू लागलं होतं. भाजी झणझणीत असते हे त्यांना माहीतच नव्हतं. इतक्या वर्षांत मनकर्णाबाईंनी तिखटाचा हात किती सैल सोडला होता, ते त्यांना आता कळत होतं, आणि ते मुकाट पाणी पीत होते.

पावसाळ्याआधी रस्ता झाला. गुळगुळीत, पांढरा, दवाखान्याच्या गेटपेक्षा फूटभर उंच. ऑटो थेट दारात येऊ लागले. हाडं मोडलेले आले, कुत्रे चावलेले आले, बाळंतिणी आल्या. ऑक्टोबर गेला, दिवाळी गेली, मार्च संपला. रुपरावांनी वरून खाली बेरीज केली, खालून वर केली.

एकशे आठ.

बाई आता त्यांना केबिनमध्ये बोलवत नसत, स्वतः तळमजल्यावर येत. दुर्गेशनं घाईनं तोंड रिकामं करायला बाहेर धाव घेतली. बाई त्याच्याच खुर्चीवर बसल्या, पान बघितलं.

"एकशे बाराचे एकशे आठ. चार कमी."

"हाव."

"बंदी तर चालू आहे. रस्ताही झाला. हे चार तरी आपले म्हणायचे की नाही?"

रुपरावांनी उठून मागच्या दहा वर्षांचं पान काढलं. एकशे नऊ, एकशे सतरा, एकशे चार, एकशे अकरा, एकशे सहा, असेच दहा. काही न करता, कुणी शिट्टी न वाजवता, आकडा आपला आपण वर-खाली होत आलेला.

"चार माणसं चारच असतात, मॅडम. त्यांच्या घरच्याले इचारा. पण हे चार बंदीचे का हवेचे, मले सांगता येत नाही. मोठ्या लोकांनी सगळ्या नागपूरचं मोजलं, दहा साल मोजलं, तं कदाचित दिसंल. आपल्या एका कपाटात दिसत नाही."

"मग लिहू काय?"

"एकशे बारा होते, एकशे आठ झाले. सही करतो."

बाईंचा आवाज थोडा थकलेला होता. "डाखोळे, तुम्ही माझं खोटं बाहेर जाऊ दिलं नाहीत, त्याबद्दल मी तुमची आभारी आहे. खरंच. पण माझे वडील गेले ना, तेव्हा ते शेवटपर्यंत म्हणत होते, माझ्या ओढण्यानं झालं असं कुठं लिहिलंय, दाखव. लोकांना मोठा आकडा दाखवावा लागतो. तुमच्या या एकशे आठनं एक तरी माणूस बिडी सोडेल?"

रुपराव कपाटाला टेकून उभे होते. सहज उजवा हात खिशाकडं गेला आणि चार दाणे जवस घेऊन तोंडाशी आला.

"एकानं सोडली नं," ते म्हणाले. "बारा महिने होतील."

बाई हसू लागल्या, आवाज न करता, खांदे हलवत. दुर्गेश दारातून डोकावून परत गेला.

"बरं," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "या एकतीस मेला दर्शनी भागात नवी पाटी लावायची आहे. फोटो नाही, टक्के नाहीत. तुम्ही ज्यावर सही कराल तेवढंच लिहायचं. सांगा."

रुपरावांनी पेन्सिल घेतली. कागदाच्या कोपऱ्यावर एक उभी रेघ ओढली, तिच्याकडं एकदा वरून आणि एकदा खालून पाहिलं.

"लिहा, या रुग्णालयात एका माणसानं बिडी सोडली."

"आणि कारण?"

"कारण लिहू नका, मॅडम," रुपराव म्हणाले आणि खाली सही केली.